पोहण्याच्या शर्यतीसाठी कोणता कॉस्च्युम घ्यावा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावरची आहेत. नवा हंगाम तोंडावर आला की कॉस्च्युमची खरेदी निघते, दुकानात आणि मोबाइलवर ढीगभर प्रकार दिसतात, आणि टँकच्या गॅलरीत बसलेले पालक एकमेकांना सल्ले देत राहतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगी अकरा वर्षांची आहे, रोज सकाळी टिळक टँकवर सरावाला जाते. मागच्या स्पर्धेत तिच्या गटातल्या दोन-तीन मुली गुडघ्यापर्यंतचा महागडा ‘टेक सूट’ घालून आल्या होत्या. तेव्हापासून तिनंही हट्ट धरलाय. घ्यावा का? आणि तो नको, तर मग कोणता घ्यावा? (एक आई, कोथरूड)

उत्तर : टेक सूट आत्ता घेऊ नका. हट्ट मोडणं अवघड असतं हे कळतं, म्हणून कारणं सविस्तर देतो. तिलाही वाचून दाखवा.

टेक सूटचं कापड घट्ट विणीचं असतं. ते मांड्या, नितंब आणि पोट आवळून धरतं, त्यामुळे शरीर पाण्यात सरळ राहायला मदत होते आणि स्नायूंची थरथर कमी होते. शिवाय त्यावर पाणी झटकणारा लेप असतो, म्हणून कापड पाणी शोषून जड होत नाही. आता, पाण्याचा विरोध साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जितका वेग जास्त, तितकं अशा सूटचं महत्त्व जास्त. अकरा वर्षांच्या मुलीचा वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी: श्वास घेताना डोकं वर उचलण्यात, भिंतीपासून लांबच टर्न मारण्यात, भिंत ढकलल्यावर हात डोक्यामागे जुळवून न धरण्यात. 25 मीटरच्या टँकमध्ये 100 मीटरला तीन टर्न येतात. प्रत्येक टर्नला तीन दशांश सेकंद वाचले तरी जवळजवळ एक सेकंद झाला. एवढा वेळ तिला कुठलाही सूट मिळवून देणार नाही.

दुसरं कारण वाढीचं. या वयात उंची भराभर वाढते आणि टेक सूटला मापात जरासुद्धा सवलत नसते. या हंगामात नीट बसलेला सूट पुढच्या हंगामात खांद्यावर चढणार नाही. अमेरिकेच्या जलतरण संघटनेनं सप्टेंबर 2020 पासून 12 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना अशा सूटवर बंदीच घातली आहे. आपल्याकडेही पालकांनी ती आपणहून पाळावी असं आमचं स्पष्ट मत आहे. सूट नसेल तर मी हळू पोहणार, ही समजूत एवढ्या लहान वयात डोक्यात बसणं वाईट. ती काढायला कोचला पुढे फार कष्ट पडतात.

घ्यायचा तो साधा वन-पीस, पण नीट बघून. कापड पॉलिएस्टर-पीबीटीचं, म्हणजे क्लोरीनमध्ये टिकणाऱ्या धाग्यांचं असावं. आतल्या लेबलवर ‘नायलॉन 80, इलास्टेन 20’ असं काही लिहिलेलं दिसलं (इलास्टेन म्हणजे ताणला जाणारा धागा), तर तो कॉस्च्युम हाताला मऊ लागेल, पण रोजच्या क्लोरीनमध्ये लवकर सैल पडेल. पाठीचे प्रकार मुख्यतः दोन. रुंद पट्ट्यांचा, पाठीवर मधोमध जुळणारा प्रकार खांद्यावरून घसरत नाही आणि नवख्या मुलींना सोयीचा पडतो. बारीक पट्ट्यांच्या प्रकारात खांद्याची पाती जास्त मोकळी राहतात, मात्र खांदे अरुंद असतील तर पट्ट्या मानेकडे सरकून काचतात. मांडीचा कट मध्यम घ्या. फार उंच कटाचा कॉस्च्युम लहान मुली सतत खाली ओढत बसतात.

माप दुकानातच तपासा. तिला दोन्ही हात वर ताणून, तळवे एकमेकांवर ठेवून उभं करा. मग उकिडवं बसवा. कमरेच्या मागे चुण्या पडत असतील, किंवा ती पुढे वाकल्यावर छातीपाशी फट दिसत असेल, तर कॉस्च्युम मोठा आहे. त्या फटीतून सूर मारताना पाणी आत शिरतं आणि पोटाशी फुगा धरतं. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून दोन मापं मोठा घेण्याची आपली सवय शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, इथे ती सरळ वेळेवर उठते.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. 50 मीटर फ्रीस्टाइल आणि 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहतो. ब्रीफ, ट्रंक की जॅमर? सरावाला आणि स्पर्धेला एकच चालेल का? (विद्यार्थी, चिंचवड)

उत्तर : एकच वापरू नकोस. सरावाला ब्रीफ (आखूड चड्डी) किंवा चौकोनी कटाची ट्रंक घे, स्पर्धेला जॅमर, म्हणजे मांड्या झाकणारी घट्ट चड्डी.

सरावाचा जॅमर रोज वापरला की आधी मांडीच्या काठाशी सैल पडतो. मग प्रत्येक किकला त्यात पाणी भरतं आणि ओझं होतं. ब्रीफला कापडच कमी, त्यामुळे हा त्रास नाही. ब्रेस्टस्ट्रोकची किक शिकताना गुडघे आणि मांड्या कुठे जातात हे तुझ्या कोचना नीट दिसतं, हा आणखी एक फायदा.

स्पर्धेचा जॅमर गुडघ्याच्या वाटीच्या किंचित वर संपला पाहिजे. काठाखाली एक बोट जेमतेम जावं, दोन जात असतील तर एक माप लहान बघ. 50 फ्रीसाठी घट्ट, जास्त आवळणारं कापड चालतं. ब्रेस्टस्ट्रोकला टाचा नितंबांकडे ओढाव्या लागतात, तिथे ताठ कापड मांडीला अडवतं. तू दोन्ही शर्यती पोहतोस आणि सूट एकच घेणार आहेस, म्हणून मध्यम दाबाचा घे. दुकानात घालून पूर्ण उकिडवं बस. टाचा टेकलेल्या ठेवून खाली जाता आलं तर ब्रेस्टला अडचण येणार नाही.

दोन गोष्टी मुलं हमखास चुकतात. जॅमरच्या आत अंडरवेअर घालायची नाही. ती पाणी शोषते, आणि नियमानुसार अंगावर एकच पोशाख चालतो, त्यामुळे बाद होण्याचीही वेळ येऊ शकते. दुसरं, कमरेची नाडी दुहेरी गाठ मारून आत खोचायची. बाहेर लोंबणारी नाडी टर्नमध्ये सुटली की सूर मारताना किंवा भिंत ढकलताना जॅमर खाली सरकतो आणि अर्धं लक्ष तिकडे जातं.

प्रश्न : मुलगी सतरा वर्षांची, राज्य पातळीवर 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक आणि 200 मीटर वैयक्तिक मेडले पोहते. या वर्षी पहिला टेक सूट घ्यायचा ठरलाय. ओपन बॅक घ्यावा की क्लोज्ड बॅक? माप कसं घ्यायचं? घालायला अर्धा तास लागतो म्हणतात, ते खरं का? (पालक, सहकारनगर)

उत्तर : आधी पाठीचं. क्लोज्ड बॅकमध्ये पाठीच्या मधल्या भागावर कापड येतं आणि खालच्या पाठीला आधार मिळतो. थकल्यावर ज्यांची कंबर खाली जाते किंवा पाठीत बाक येतो, त्यांना याचा उपयोग होतो. पण खांद्यांची हालचाल थोडी बांधली जाते आणि घालायला तो जास्त त्रासाचा. ओपन बॅकमध्ये खांदे मोकळे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रत्येक स्ट्रोकला छाती वर येते आणि खांदे कानांकडे उचलून पुढे जातात. नेमक्या त्या क्षणी क्लोज्ड बॅकच्या पट्ट्या मागे खेचतात. मेडलेमध्ये चारही स्ट्रोक येतात आणि सुरुवातीलाच बटरफ्लाय आहे, त्यालाही खांदे मोकळे लागतात. तुमच्या मुलीसाठी ओपन बॅक, तोही मध्यम दाबाचा. फक्त 50 आणि 100 फ्री पोहणारी मुलगी असती तर क्लोज्ड बॅक घालून बघायला सांगितलं असतं.

मापं चार लागतात: छाती, कंबर, नितंब (सगळ्यांत रुंद जागी), आणि चौथं, बहुतेक जण विसरतात ते धडाचं. टेप एका खांद्याच्या मध्यावर धरा, पुढून छातीवरून खाली, दोन पायांमधून मागे, पाठीवरून वर त्याच खांद्यापर्यंत आणा. हे माप मुलीनं स्वतः घेऊ नये, दुसऱ्यानं घ्यावं. उंच धडाच्या मुलीची कंबर लहान मापात बसते, पण पट्ट्या खांद्यात रुततात आणि पंधरा मिनिटांत हाताला मुंग्या येतात. दोन मापांच्या मध्ये असाल तर निर्णय धडाच्या मापावर करा. एका कंपनीचं 26 म्हणजे दुसऱ्या कंपनीचं 26 नव्हे. स्पीडो, अरीना, टीवायआर, मिझुनो यांचे तक्ते वेगवेगळे आहेत आणि अमेरिकी व युरोपीय आकड्यांतही फरक असतो. मोठ्या बहिणीच्या जुन्या सूटचा आकडा सांगून ऑनलाइन मागवू नका. खूणपट्टी काढल्यावर असे सूट सहसा परत घेतले जात नाहीत, आणि परदेशात यांची किंमतच साधारण दीडशे ते पाचशे डॉलर असते.

आता घालायचं. पहिल्या वेळी वीस ते तीस मिनिटं धरा, सवय झाली की दहा-पंधरा मिनिटांत होतं. अंग पूर्ण कोरडं हवं. तेल, क्रीम, लोशन काही नको. नखं कापलेली, अंगठ्या काढलेल्या. पायात पातळ प्लास्टिकची पिशवी चढवली तर पाऊल सहज आत जातं. मग पिशवी काढून दुसऱ्या पायाला. सूटचे दोन्ही पाय आधी मांडीपर्यंत आणा आणि काठ गुडघ्याच्या वर जिथे हवा तिथे बसवा. त्यानंतर कापड बोटांच्या पेरांनी, थोडं थोडं चिमटीत धरून वर सरकवत न्या. एकदा पुढून, एकदा मागून, मग दुसरी मांडी. नखानं ओढलं की त्याच जागी धागा तुटतो आणि तिथूनच सूट फाटतो. दोन्ही मांड्यांमधली शिवण पूर्ण वर, अंगाला चिकटलेली हवी. ती दोन बोटं खाली राहिली तरी वर कापड कमी पडतं. मग पट्ट्या ओढून काम भागवलं जातं, आणि खांदे दुखतात ते त्यामुळेच. शिवण जागेवर आली की नितंब, मग पोट, मग छाती, आणि पट्ट्या शेवटी, एकेक करून. पट्टी धरून अख्खा सूट वर खेचायचा नाही, कधीच नाही.

स्पर्धेच्या दिवशी वॉर्म-अप सरावाच्या कॉस्च्युमवर करायचा, अंग नीट पुसायचं, आणि शर्यतीच्या साधारण पाऊण तास आधी टेक सूट चढवायला घ्यायचा. मे महिन्यात बालेवाडीच्या चेंजिंग रूममध्ये दमट हवेनं अंग पुसल्या पुसल्या पुन्हा ओलं होतं, म्हणून हाताशी एक जास्तीचा कोरडा टॉवेल ठेवा. हीट आणि फायनलमध्ये बराच वेळ असेल तर पट्ट्या खाली करून वर टी-शर्ट घालायचा, म्हणजे श्वास मोकळा राहतो. खांद्यावर लाल वळ उठतो आणि थोड्या वेळानं जातो, त्यात काळजीचं काही नाही. हात बधिर होत असेल तर माप चुकलं आहे.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी एकदा तो सूट घालून दोन-तीन स्टार्ट आणि 25 मीटरचे चार जलद तुकडे पोहून बघावेत. त्याहून जास्त नको. पाणी झटकणारा लेप आणि कापडाचा दाब दर वापरागणिक उतरत जातात. जिल्ह्याच्या प्राथमिक फेरीला सरावाचाच कॉस्च्युम घालून, टेक सूट वर्षातल्या दोन मुख्य स्पर्धांसाठी राखून ठेवावा. आणि बॅगेत दुसरा, साधा का होईना, नीट बसणारा कॉस्च्युम असलाच पाहिजे. फाटला तर तो घालतानाच फाटतो, ब्लॉकवर जायला दहा मिनिटं उरलेली असताना.

प्रश्न : एका ओळखीच्यांकडे 2009 सालचा, घोट्यापर्यंतचा पूर्ण सूट न वापरलेला पडून आहे. मुलासाठी स्वस्तात देतायत. स्पर्धेत चालेल का? (वडील, औंध)

उत्तर : चालणार नाही, आणि सरावालाही उपयोग नाही.

फेब्रुवारी 2008 मध्ये स्पीडोनं एलझेडआर रेसर हा सूट आणला, त्याच्या चाचण्यांना नासाची मदत होती. पुढच्याच वर्षी दुसऱ्या कंपन्यांचे पूर्ण पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या प्लास्टिकचे) सूट आले. हे सूट अंगाला आवळून धरायचेच, वर शरीर पाण्यात उचलूनही धरायचे. 2009 च्या रोममधल्या जागतिक स्पर्धेत तब्बल 43 विश्वविक्रम झाले. पॉल बीडरमननं तिथे 400 मीटर फ्रीस्टाइलमध्ये नोंदवलेली 3:40.07 ही वेळ एप्रिल 2025 पर्यंत कुणाला मोडता आली नव्हती. लुकास मार्टेन्सनं 3:39.96 पोहून ती मोडली, तीही आजच्या कापडी जॅमरवर.

1 जानेवारी 2010 पासून जलतरणाच्या जागतिक संघटनेनं नियम बदलले. पुरुषांचा पोशाख बेंबीच्या वर आणि गुडघ्याच्या खाली जाता कामा नये. स्त्रियांचा मान झाकणारा, खांद्यापलीकडे किंवा गुडघ्याखाली जाणारा नको. चेन, बटण नाही, पुरुषांच्या कमरेची नाडी तेवढी चालते. कापड विणलेलं हवं, जाडी जास्तीत जास्त 0.8 मिलिमीटर. अंगाला चिकटपट्ट्या लावायच्या नाहीत. मान्यता मिळालेल्या सूटवर मागच्या बाजूला, कमरेखाली कोड असलेली खूण छापलेली असते. जुन्या सूटवर ‘फिना’ असं नाव दिसेल, नव्यावर ‘वर्ल्ड अक्वॅटिक्स’, कारण संघटनेचं नावच बदललं. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेसाठी सूट घेताना ही खूण आधी बघा, आणि त्या स्पर्धेच्या परिपत्रकात पोशाखाबद्दल काय लिहिलंय तेही. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘तसाच दिसणाऱ्या’ स्वस्त सूटवर नेमकी हीच खूण नसते.

शिवाय इतक्या वर्षांत पॉलियुरेथेन आणि शिवणींचा गोंद कडक होतो. घालताना सूट भेगाळून फाटण्याचीच शक्यता जास्त.

प्रश्न : मुलाचा कॉस्च्युम दोन महिन्यांत सैल होतो, मागून विरतो. कापड वाईट की आमचं काही चुकतंय? (आई, बिबवेवाडी)

उत्तर : दोन्ही असू शकतं. लेबलवर इलास्टेनचं प्रमाण जास्त असेल तर पुढचा कॉस्च्युम पॉलिएस्टर-पीबीटीचा घ्या. फक्त मागची बाजू विरत असेल, तर मुलगा टँकच्या खरबरीत कडेवर बसून घसरत पाण्यात उतरतो. त्याला कडेवर टॉवेल टाकून बसायला सांगा, किंवा शिडीनं उतरायला.

बाकीचं नुकसान पोहून झाल्यावर होतं. ओला कॉस्च्युम टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवला जातो आणि शाळा-क्लास आटपून संध्याकाळी बाहेर निघतो. उन्हात डिकी तापते, क्लोरीन कापडातच राहतं, आणि ताण देणारे धागे खाल्ले जातात. टँकवरच शॉवरखाली दोन मिनिटं साध्या पाण्यात खळबळून घ्या. पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा. घरी सौम्य साबण, थंड पाणी, वॉशिंग मशीन नाही, ब्रश नाही. सावलीत, आडवा पसरून वाळवा. बाल्कनीच्या दोरीवर पट्ट्यांनी टांगला तर पाण्याच्या वजनानं पट्ट्या लांबतात. दोन कॉस्च्युम आलटून पालटून वापरले तर धाग्यांना पूर्ववत व्हायला वेळ मिळतो, आणि दोन्ही मिळून जास्त टिकतात. पोहण्याआधी अंग आणि कॉस्च्युम साध्या पाण्यानं भिजवले तरी फरक पडतो, कारण आधीच भिजलेलं कापड टँकचं पाणी कमी घेतं.

प्रश्न : घरी सासूबाईंना नातीनं आखूड कॉस्च्युम घातलेला आवडत नाही. मुलगी तेरा वर्षांची आहे आणि तिलाही हल्ली संकोच वाटतो. याच कारणानं पोहणं सुटेल अशी भीती वाटते. (आई, सदाशिव पेठ)

उत्तर : पोहणं सुटायचं काहीच कारण नाही. गुडघ्यापर्यंतचा लेगसूट मिळतो, साध्या पॉलिएस्टरचा, टेक सूटच्या मानानं खूप स्वस्त. तो सरावालाही चालतो आणि लांबीच्या नियमातही बसतो. मांडीशी सैल होणार नाही एवढं बघा. वर फ्रॉकचा घेर असलेले कॉस्च्युम मात्र घेऊ नका, घेर पाण्यात पसरतो आणि किक अडते. टँकवर पाण्यात उतरेपर्यंत टॉवेलचा झगा घालू द्या. सासूबाईंना एकदा स्पर्धा बघायला घेऊन जा, तिथे सगळ्याच मुली असा पोशाख घालतात हे डोळ्यांनी दिसलं की बरंच बोलणं वाचतं.

प्रश्न : पाळीच्या दिवसांत स्पर्धा आली तर? (विद्यार्थिनी, हडपसर)

उत्तर : पॅड पाण्यात चालत नाही, ते पाणी शोषून फुगतं. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरता येतो. पण तो पहिल्यांदा स्पर्धेच्या दिवशी वापरू नकोस, आधीच्या एक-दोन पाळ्यांत सरावाला वापरून सवय कर. काही शंका किंवा खूप दुखत असेल तर आईशी आणि डॉक्टरांशी बोल. कॉस्च्युम काळा किंवा गडद निळा घे. टेक सूट असेल तर टॅम्पॉन किंवा कप सूट चढवण्याआधी बदलून घे, एकदा घातल्यावर मधे काढणं वेळेत जमत नाही. कोच पुरुष असतील आणि सांगायला अवघड वाटत असेल, तर तुमच्या बॅचमधल्या मोठ्या ताईला सांग.

प्रश्न : वय 52. डिसेंबरमध्ये मालवणला चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेत उतरायचं आहे. टँकवरचाच जॅमर चालेल का, की वेटसूट लागेल? (वाचक, वारजे)

उत्तर : जॅमर चालेल, वेटसूटची (थंड पाण्यात ऊब देणाऱ्या जाड रबरी सूटची) गरज नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत वेटसूट 18 अंशांखाली सक्तीचा आणि 18 ते 20 अंशांत ऐच्छिक आहे. मालवणचं पाणी डिसेंबरातही त्याहून बरंच कोमट असतं, तिथे वेटसूट घातलात तर अंग तापून दमछाक होईल. खुल्या पाण्यातल्या शर्यतीत पोशाख घोट्यापर्यंत आणि पुरुषांनाही खांद्यापर्यंत चालतो. उन्हाचा आणि जेलीफिशचा त्रास होत असेल तर तसा पातळ कापडी सूट घेता येतो, फक्त आयोजकांना आधी विचारा.

खाऱ्या पाण्यात शिवणी फार काचतात. काखा, मानेची मागची बाजू आणि मांड्यांच्या आत व्हॅसलीन लावा, पण ते गॉगल लावून झाल्यावर लावा आणि बोटं पुसून घ्या, नाहीतर काचेवर थर बसतो आणि बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) दिसत नाही. नवा जॅमर तिथे पहिल्यांदा घालू नका. पुण्यात टँकवर सलग दीड-दोन किलोमीटर तो घालून पोहा. जिथे काचेल तिथे खूण राहील, मालवणला त्याच जागी व्हॅसलीन जास्त लावा.